पुरे म्हणता न येणाऱ्यांची पंगत

खाऱ्या पाण्याचा टँक नव्यानं घरात आणणाऱ्या माणसाला साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात एक आकडा भेटतो. तोवर सगळं पद्धतशीर झालेलं असतं. मीठ मोजून कालवलेलं, दगड रचलेले, महिनाभर नुसत्या पाण्यात पंप फिरत ठेवलेला. अमोनिया शून्यावर, नायट्राइट शून्यावर. मग क्लाउनफिशची जोडी येते, पाठोपाठ एखादी गोबी, एखादा रॉयल ग्रामा, मऊ प्रवाळाचे दोन-तीन तुकडे. आणि एका रविवारी टेस्ट किटच्या नळीतला रंग पट्टीच्या शेवटाकडे गडद होत जातो. नायट्रेट ५०, कधी ६०, कधी ८० पीपीएम. प्रवाळभिंतीभोवतीच्या मोकळ्या समुद्रात हाच आकडा एकाच्याही बराच खाली असतो.

पुढचा प्रश्न ठरलेला असतो : हे कमी कसं करायचं? बरीच वर्षं हा छंद असल्यामुळे ओळखीतले नवशिके तो माझ्याकडे घेऊन येतात. उत्तरं कुठेही मिळतात. पाणी बदला, खाणं कमी करा, मोठा स्किमर लावा, शेवाळ वाढवा, जिवाणूंची बाटली ओता. यातली बहुतेक उत्तरं बरोबरही आहेत. तरी हा प्रश्न मला रसायनाच्या आधी नीतीचा वाटतो. कारण हे नायट्रेट बहुतेक वेळा बाहेरून शिरलेलं नसतं. आपण रोज चिमटीनं, मायेनं पाण्यात सोडलेल्या खाण्याचं ते शेवटचं रूप असतं. ज्याची काळजी घ्यायची, त्याचं त्या काळजीनंच बिघडत असेल, तर काळजी घेणाऱ्यानं काय करावं, असा तो प्रश्न आहे. आणि इथे चुकीची किंमत विचारणारा मोजत नाही, काचेच्या आतला जीव मोजतो.

आधी हे साठतं कसं ते पाहू. मासा खातो, त्यातलं थोडं अंगी लागतं, उरलेलं कल्ल्यांवाटे आणि विष्ठेवाटे पाण्यात परत येतं. न खाल्लेला घास दगडामागे कुजतो. दोन्हींचा शेवटी अमोनिया होतो आणि अमोनिया जहाल असतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचं नायट्रेट. हे काम दोन वेगळे गट दोन टप्प्यांत करतात, हे १८९०च्या सुमारास सर्गेई विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञानं दाखवून दिलं. टँक ‘सायकल’ झाला असं छंदवाले म्हणतात, तेव्हा या दोन गटांनी दगडावर आणि वाळूवर बस्तान बसवलेलं असतं. त्याला चार ते सहा आठवडे लागतात. पण साखळी इथे संपत नाही. नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरून टाकून उरलेला नायट्रोजन वायूच्या रूपात सोडून देणारा एक तिसरा गट आहे. तो ऑक्सिजन नसलेल्या जागी राबतो : सच्छिद्र दगडाच्या पोटात, वाळूच्या खालच्या थरात. त्याची घडी बसायला महिने लागतात. म्हणजे नव्या टँकमधला चढा आकडा काहीतरी मोडल्याची खूण असेलच असं नाही. पहिली दोन कामं नीट चालू आहेत, तिसऱ्या कामाची माणसं अजून पोचलेली नाहीत, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

गावाकडच्या घराला उकिरडा असायचा. शहरी कानाला तो शब्द शिवीसारखा लागतो, पण उकिरडा ही घरातली एक विचारपूर्वक ठेवलेली जागा होती. गोठ्यातलं शेण, चुलीतली राख, पानातलं उष्टं, झाडलोटीचा कचरा तिथे जायचा, वर्षभर मुरायचा आणि पेरणीच्या आधी शेतात परतायचा. ज्या घराला उकिरडा नाही, त्या घरात चूल कितीही चांगली पेटली तरी कचरा अंगणात साठणारच. नवा टँक हे तसं घर आहे. स्वयंपाक जोरात सुरू झालाय आणि मुरायची जागा अजून तयार नाही. तेव्हा नायट्रेट कमी कसं करू, या प्रश्नाच्या आत दुसरा प्रश्न दडलेला असतो. ज्या घराला अजून मुरवता येत नाही, त्या घरात मी किती शिजवतोय?

पण त्याच्याही आधी एक कर्तव्य येतं, आणि ते घाईत हमखास राहून जातं. आकडा खरा आहे का, हे पाहणं. नायट्रेटचे किट आधी नायट्रेटचं नायट्राइट करतात आणि मग त्या नायट्राइटचा रंग मोजतात. पाण्यात आधीचंच थोडं नायट्राइट शिल्लक असेल, तर काही किटवर नायट्रेटचा आकडा भलताच फुगतो, आणि नव्या टँकमध्ये नायट्राइट शिल्लक असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. शिवाय काही किट पूर्ण नायट्रेट मोजतात, काही फक्त त्यातला नायट्रोजन. दोन्ही आकड्यांत जवळजवळ ४.४ पटींचा फरक पडतो. मीठ ज्या पाण्यात कालवलं, ते पाणीही तपासायला हवं. बोअरच्या पाण्यात मुळातच नायट्रेट असेल, तर पाणी बदलण्याच्या नावाखाली आपण तेच पुन्हा ओतत राहतो. म्हणून तर या छंदात आरओ आणि त्यापुढच्या डीआय गाळणीचं पाणी वापरतात. हे सगळं तांत्रिक वाटेल, पण दुसऱ्याच्या आयुष्यात ढवळाढवळ करण्याआधी आपली माहिती तपासून घेणं ही नीतीचीच गोष्ट आहे. आपल्या चांगल्या हेतूवर फार विश्वास असलेली माणसं ही पायरी गाळतात.

आकडा खरा निघाला, असं धरू. आता थोडी अंकगणिताची गंमत करू. कोरड्या खाद्यात साधारण निम्मी प्रथिनं असतात, असं मानू. प्रथिनांच्या वजनात सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे एक ग्रॅम खाद्यात ८० मिलिग्रॅम नायट्रोजन आला. तो सगळा नायट्रेटमध्ये उतरला, तर ३५० मिलिग्रॅमच्या आसपास नायट्रेट होतं. २०० लिटर पाण्यात ते लिटरमागे पावणेदोन मिलिग्रॅम भरतं, आणि पीपीएम म्हणजे व्यवहारात हेच. रोज एक ग्रॅम, तर आठवड्याला सुमारे १२. यातलं काही माशांच्या अंगी लागतं, काही शेवाळ खातं, काही स्किमर काढून घेतो. पण हिशेबाचं वळण त्यानं बदलत नाही.

आता दर रविवारी २० टक्के पाणी बदलू. ४० लिटर काढायचं, ४० लिटर नवं घालायचं. काही महिन्यांनी आकडा कुठे थांबेल? ६०वर. बदलायच्या आधी ६०, बदलल्यावर ४८, पुढच्या रविवारी पुन्हा ६०. दहा वर्षं बदलत राहिलात तरी ६०. दुप्पट पाणी बदललंत, म्हणजे दर रविवारी ८० लिटर, तर तो ३०वर थांबेल. आणि पाणी पूर्वीइतकंच बदलून खाणं निम्मं केलंत, तरीही ३०वरच थांबेल. दुप्पट बादल्या किंवा निम्मी चिमूट, फळ एकच. तरी नवा माणूस बहुधा बादल्या निवडतो. कष्ट करायची त्याची तयारी असते, हात आखडायची नसते. कष्टात आपण काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. न देण्यात कसलंच समाधान नाही, उलट आपण निष्ठूर वागतोय असं वाटत राहतं.

इथे आपल्या घरांतली एक जुनी सवय आठवते : आग्रह. पंगतीत वाढणारा ‘अजून एक घ्याच’ म्हणतो, जेवणारा पानावर आडवा हात धरतो, वाढणारा त्या बोटांच्या फटीतून जिलबी सोडतो. या खेळात प्रेम आहे, यजमानाची प्रतिष्ठा आहे आणि थोडी जबरदस्तीही आहे. तरी तो खेळ माणसांत चालून जातो, कारण जेवणाऱ्याला हात आडवा धरता येतो. तो ‘पुरे’ म्हणू शकतो, उठून हात धुऊ शकतो, दुसऱ्या दिवशी लंघन करू शकतो, आणि मुख्य म्हणजे घरी जाऊ शकतो. टँकमधल्या पंगतीत यातलं काहीच नाही. तिथे जेवणारे ज्या ताटात जेवतात त्यातच राहतात, त्यातच श्वास घेतात. पानात टाकलेलं उचलून न्यायला कोणी येत नाही.

आणि ते ‘पुरे’ म्हणत नाहीत. माणूस काचेजवळ आला की मासे पुढे येतात, वरखाली नाचतात, तोंड उघडतात. आपण त्याला भूक म्हणतो, ओळख म्हणतो, जरा जास्तच हळवे झालो तर प्रेम म्हणतो. खरं तर समुद्रात दिवसभर इवलंइवलं टिपत राहणाऱ्या प्राण्याला समोर आलेलं अन्न नाकारणं परवडत नाही, म्हणून तो प्रत्येक वेळी पुढे येतो. त्याच्या धावत येण्यातून त्याची गरज कळत नाही. आपल्या हाताची आणि अन्नाची त्यानं घातलेली सांगड तेवढी कळते. तरी आपण देतो, कारण देताना आपल्याला बरं वाटतं. हे बरं वाटणं वाईट नाही. पण ते पाण्यात विरघळत नाही. पाण्यात विरघळतो तो नायट्रोजन.

याची दुसरी बाजू मँडरिन नावाच्या माशात दिसते. निळ्या-नारिंगी वेलबुट्टीचा, बोटाएवढा, विलक्षण देखणा मासा. नवशिके त्याच्यावर भाळतात. तो दिवसभर दगडांवरून हळूहळू फिरत डोळ्यांना जेमतेम दिसणारे जिवंत कोपेपॉड टिपतो. बहुतेक मँडरिन कोरड्या किंवा गोठवलेल्या खाद्याकडे ढुंकून पाहत नाहीत. नव्या टँकमध्ये कोपेपॉडची वस्ती अजून वाढलेली नसते. मग असं होतं, की वरून दिवसातून तीनदा खाद्य पडतंय, नायट्रेट ६०वर आहे आणि त्याच पाण्यात एक मासा आठवड्यागणिक खंगत उपासमारीनं मरतोय. पाण्यात अन्नाचा सुकाळ आणि त्याच्या पोटात दुष्काळ. देणाऱ्यानं भरभरून दिलं, हे खरं. घेणाऱ्यापर्यंत काही पोचलं नाही, हेही खरं. याउलट अँथियाससारख्या माशांना दिवसातून अनेकदा थोडंथोडं द्यावंच लागतं, त्यांना निम्म्या चिमटीवर आणणं म्हणजे छळ. म्हणून ‘कमी द्या’ हा काही नियम होऊ शकत नाही. कोणाला, काय, कोणत्या रूपात आणि कितपत, हे पाहावंच लागतं. ते पाहण्याचे कष्ट टाळून नुसतं जास्त देणं हा एक प्रकारचा आळस आहे, आणि तो उदारपणाचे कपडे घालून येतो म्हणून ओळखू येत नाही.

जोन ट्रोंटो या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ साली काळजीच्या नीतीवर लिहिताना चार गोष्टी वेगळ्या केल्या होत्या : लक्ष असणं, जबाबदारी घेणं, ती निभावण्याची कुवत असणं आणि ज्याची काळजी घेतली त्याचा प्रतिसाद ओळखणं. यातल्या तिसऱ्या आणि चौथ्या गोष्टींकडे आपलं दुर्लक्ष होतं. आपण काळजीचं मोजमाप मनातल्या भावनेवरून करतो. कुवत ही आपल्याला वेगळी, कोरडी, तांत्रिक बाब वाटते. पण आजाऱ्याला चुकीचं औषध मायेनं पाजलं, तर माया त्याच्या उपयोगाची नसते. आणि प्रतिसाद? माशाला बोलता येत नाही, प्रवाळाला तर तोंड वळवूनही पाहता येत नाही. नळीतला तो गडद रंग हाच त्यांचा आडवा हात. वाचता आला तर.

आता घाईबद्दल. आकडा पाहून हादरलेला माणूस एका दिवसात तो खाली आणू पाहतो. ६०वरून १०वर यायचं, तर एका दमात ८० टक्क्यांहून जास्त पाणी बदलावं लागतं. नव्या पाण्याचा खारेपणा, तापमान, क्षारता यांत थोडा फरक असला तरी तो आतल्या प्राण्यांवर एकदम कोसळतो. दुसरा मार्ग कार्बन देण्याचा : व्हिनेगर, साखर किंवा चक्क वोडका थेंबाथेंबानं पाण्यात घालतात. त्यावर जिवाणू वाढतात, वाढताना नायट्रेट आणि फॉस्फेट खातात आणि मग स्किमर त्या जिवाणूंना फेसाबरोबर बाहेर काढतो. पद्धत चांगली आहे. पण मात्रा जास्त झाली, की पाणी दुधाळ होतं, जिवाणू ऑक्सिजन ओढून घेतात आणि सकाळी मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी धापा टाकताना दिसतात. माशांसाठी ६० नायट्रेट सहसा तातडीचं संकट नसतं. दगडी प्रवाळांना ते जास्त जाचतं. त्यांच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं भरमसाट वाढतात, रंग तपकिरी होत जातो, वाढ रेंगाळते. पण हे आठवड्यांच्या, महिन्यांच्या गतीनं घडतं. मग एका दुपारीत ते दुरुस्त करायची घाई कोणासाठी? बहुतेक वेळा ती माशांच्या सोयीसाठी नसते, आपल्या अस्वस्थतेच्या सोयीसाठी असते. अपराधाची टोचणी लवकर बुजवावी, म्हणून आपण दुसऱ्याला दुसरा धक्का देतो.

टोचणीचं दुसरं टोक म्हणजे शून्याचा ध्यास. नायट्रेट वाईट, तर ते अजिबात नको. हेही प्रवाळांना मानवत नाही. त्यांच्या शैवालांना नायट्रोजन आणि फॉस्फरस दोन्ही थोडे लागतात. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या योर्ग वीडेनमान आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये दाखवलं, की पाण्यात नायट्रोजन वाढला आणि फॉस्फेट मात्र अपुरं राहिलं, तर उष्णतेनं आणि उजेडानं विरंजन व्हायची प्रवाळांची शक्यता वाढते. म्हणजे प्रश्न एकट्या नायट्रेटचा नसून प्रमाणाचाही आहे. आणि दोन्ही शून्यावर नेलेल्या टँकमध्ये प्रवाळ फिकुटतात, दगडांवर डायनोफ्लॅजेलेट्सची तपकिरी, बुडबुड्यांची साय पसरते, हा छंदवाल्यांचा नेहमीचा अनुभव. आज बरेच जण नायट्रेट पाच-दहाच्या आसपास ठेवतात आणि त्याहून जास्त महत्त्व आकडा स्थिर राहण्याला देतात.

‘स्वच्छ’ या आपल्या कल्पनेचीच इथे थोडी झाडाझडती होते. प्रवाळभिंतीचं पाणी नितळ असतं, म्हणजे तिथे मळ होत नाही असं नव्हे. हॉवर्ड आणि यूजीन ओडम या भावांनी १९५४ साली प्रशांत महासागरातल्या एनेवेटाक बेटांवर प्रवाळभिंतीचा जमाखर्च मांडला, तेव्हा तिथलं उत्पादन आणि खर्च जवळपास तोंडमिळवणीला आलेले दिसले. २०१३ साली ‘सायन्स’मधल्या एका अभ्यासानं स्पंजांचं काम पुढे आणलं : प्रवाळांनी आणि शैवालांनी पाण्यात सोडलेलं, इतरांना पकडता न येणारं सेंद्रिय द्रव्य स्पंज शोषतात आणि स्वतःच्या पेशी झडून टाकतात, त्या इतर प्राणी खातात. एकाचं उष्टं दुसऱ्याचं पान होतं, म्हणून पाणी नितळ. तिथे साठा गरीब आहे, फिरणं श्रीमंत आहे. आणि याच्या उलट टोकाला आपली मुंबई. सांडपाण्याच्या, गाळाच्या पाण्यातही इथल्या खडकांवर काही काटक प्रवाळ तग धरून आहेत. कोस्टल रोडच्या कामासाठी २०२० साली वरळी आणि हाजीअली इथल्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. म्हणजे एकच आकडा सगळ्या प्रवाळांना लावता येत नाही. एका जातीला जे मारतं, त्यात दुसरी कशीबशी जगते. तिच्या काटकपणाला आपल्या घाणीची परवानगी समजू नये, एवढंच.

इथवर वाचणाऱ्याच्या मनात एक आक्षेप आला असेल, आणि तो रास्त आहे. एवढी भानगड असेल, तर समुद्र काचेत कोंडायचाच कशाला? तबला शिकणाऱ्याचा हात चुकला तर ताल जातो. टँक शिकणाऱ्याचा हात चुकला तर जीव जातो. दुसऱ्याच्या जिवावर शिकण्याचा हक्क नवशिक्याला कोणी दिला?

या आक्षेपाला पूर्ण उत्तर आहे, असं मला वाटत नाही. पण हक्क नसला तरी शिकण्याची जास्त सभ्य आणि कमी सभ्य रीत असते. एके काळी टँक सायकल करायला स्वस्तातले, चिवट डॅमसेल मासे सोडत. त्यांनी अमोनियात होरपळायचं, वाचले तर वाचले, आणि मग महागडे मासे आणायचे. आज ते काम बाटलीतल्या अमोनियावर, रिकाम्या पाण्यात करता येतं. म्हणजे तंत्र आलं तशी या छंदाची नीतीही एक पायरी वर चढली, आणि आता डॅमसेल वापरणाऱ्याला ‘माहीत नव्हतं’ ही सबब उरली नाही. समुद्री शोभिवंत माशांपैकी बहुतेक जाती आजही समुद्रातून पकडून आणतात, पण क्लाउनफिशची पैदास हॅचरीत होते; आपल्याकडे ऐरोलीलाही होते. पैदाशीचा मासा मागून घेता येतो. भारतीय समुद्रातले दगडी प्रवाळ १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, ते तोडणं गुन्हा आहे. दुकानदारानं ‘इथलाच आहे, स्वस्तात देतो’ म्हटलं तर पाठ फिरवता येते. टँकमध्ये पहिले सहा महिने दोनच मासे ठेवता येतात. मँडरिनची वर्षभर वाट पाहता येते. यातलं काहीच अवघड नाही, फक्त प्रत्येक ठिकाणी आपली हौस काही महिने पुढे ढकलावी लागते. नवशिक्याकडून नीती मागते ती मुख्यतः एवढंच : तुझ्या अज्ञानाचा वेग तुझ्या हौशीच्या वेगावर लगाम म्हणून वापर.

राहिला तो ‘बाहेर’चा प्रश्न. रविवारी काढलेलं ४० लिटर खारं पाणी मोरीत जातं. टँकचा आकडा उतरला, मनाचा भार उतरला. पण ते नायट्रेट नाहीसं झालेलं नसतं, फक्त आपल्या नळीच्या टप्प्याबाहेर गेलेलं असतं. एका घराचं हे पाणी क्षुल्लकच. तरी सवय क्षुल्लक नाही, कारण ‘बाहेर टाकलं म्हणजे संपलं’ हीच सवय मोठ्या मापात काय करते, ते आपल्याच राज्यात दिसतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकानं घालून दिलेली मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. वर्धा, अमरावती, यवतमाळ, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या कित्येक विहिरी आणि बोअर ती ओलांडतात, असं केंद्रीय भूजल मंडळाचे अहवाल सांगतात. तिथे आणि टँकमध्ये रेणू एकच आहे. पिकाला दिलेला युरिया, पिकानं न घेतलेला त्यातला भाग, शोषखड्ड्यांतून मुरलेली घाण. तिथेही कोणी विष कालवायला निघालेलं नव्हतं. पीक जोमानं यावं म्हणून एक गोणी जास्त पडली, एवढंच. आणि तिथे रविवारी २० टक्के पाणी बदलायची सोय नाही. दूषित पाण्यावर वरचं दूध कालवलेल्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद त्यामुळे कमी होऊ शकते, बाळ निळसर पडतं. शेतकऱ्याला दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. त्याच्या गोणीमागे बाजार आहे, कर्ज आहे, सरकारी धोरण आहे. टँकवाल्याच्या चिमटीमागे यातलं काहीच नाही. म्हणून तर त्याच्याकडून जास्त अपेक्षा.

मग करायचं काय? आकडा दोनदा तपासा, नायट्राइटसकट. मीठ कालवायचं पाणी तपासा. नवे मासे आणणं थांबवा. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढंच द्या आणि गोठवलेलं असेल तर त्याचं पाणी गाळून टाका. पाणी बदला, पण थोडंथोडं. जागा असेल तर बाजूच्या कप्प्यात कीटोमॉर्फा वाढवा; नायलॉनच्या गुंत्यासारखं दिसणारं हे शेवाळ नायट्रेट खाऊन वाढतं, आणि ते कापून काढलं की नायट्रोजन खरोखर बाहेर पडतो. काढलेलं शेवाळ धुऊन कुंडीत घातलं, तर उकिरड्याची जुनी रीतही पाळल्यासारखी होते. आणि सगळ्यात अवघड, बिनखर्चाचं काम : दगडाच्या पोटातल्या त्या तिसऱ्या गटाला वेळ द्या. त्यांचं काम सुरू झालं, की आपण दिलेल्या खाण्यातला नायट्रोजन हळूहळू हवेत जाईल. आपण श्वासात घेतो त्या हवेचा ७८ टक्के भाग तोच आहे, कोणाला न दुखवता असलेला.

अनुभवी लोक आणखी एक गोष्ट सांगतात. टँकमधल्या निरोगी, मोठ्या माशांना आठवड्यातून एक दिवस खायला देऊ नये. चक्क उपास. त्यांना त्यानं काही होत नाही, दगडांवरचं थोडं टिपून खातात. पण तो उपास आपल्याला पाळता यायला हवा, आणि दुसऱ्या दिवशी जीव हळहळला म्हणून दोन चिमटी जास्त टाकायच्या नाहीत. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे माणसांपुरतं ठीक आहे. त्या दिवशीही मासे काचेपाशी येतील, तोंड उघडतील, वरखाली नाचतील. आपण समोर खुर्ची घेऊन बसावं. कोण कुठून येतं, कोणाचं पोट आत गेलंय, कोणता प्रवाळ आज जास्त उघडलाय, कोण दगडामागून बाहेरच आलं नाही, हे सावकाश पाहावं. खाद्याचा डबा कपाटात राहू द्यावा.